पंचसूना आणि प्रयोगशाळेतील उंदीर

गणपतीच्या मूर्तीपुढे हात जोडताना तिच्या पायाशी बसलेल्या उंदराकडे आपले लक्ष क्वचितच जाते. मराठीत उंदीर म्हणा वा कोंकणीत हुंदीर म्हणा, या प्राण्याशी आपला व्यवहार मोठा विसंगत आहे. देव्हाऱ्यात तो वाहन म्हणून मान पावतो आणि धान्याच्या कोठीत सापडला तर त्याच्यासाठी सापळा लावला जातो. पण त्याचे आणखी एक स्थान आहे आणि ते आपल्यापैकी फार थोड्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे. ते म्हणजे प्रयोगशाळेतील पिंजरा. तेथे पांढऱ्या उंदराला पोटभर खाऊ घालतात, स्वच्छ ठेवतात आणि एके दिवशी त्याच्या निरोगी शरीरात जाणूनबुजून रोग घालतात. तो रोगाने कसा झिजतो आणि कितव्या दिवशी मरतो, याची नोंद वहीत होते. त्या वहीतून निघालेले ज्ञान पुढे लसीच्या रूपाने आपल्या मुलाबाळांच्या दंडात जाते.

निरपराध जिवाला असा रोग देणे धर्म्य आहे काय, हा प्रश्न आम्ही वाचकांपुढे ठेवू इच्छितो. हा प्रश्न शास्त्रज्ञांचा आहे, आपला नव्हे, असे म्हणून हात झटकता येणार नाही. ज्याच्या घरात कोणालाही कुत्रा चावल्यावर सुया टोचल्या गेल्या आहेत, तो या व्यवहारात भागीदार आहेच. म्हणून एकच रोग उदाहरणादाखल घेऊन आपण याचा विचार करू.

तो रोग रेबीज, म्हणजेच आपल्या जुन्या वैद्यकातील अलर्कविषाचा विकार. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात पिसाळलेल्या जनावराच्या दंशाचे वर्णन आहे. पाण्याला भिणारा रोगी वाचत नाही, हे निरीक्षणही तेथे आहे. ज्या अध्यायात हे वर्णन येते त्याचे नाव मूषिककल्प, कारण उंदराच्या विषाचा विचारही त्याच अध्यायात आहे. उंदीर आणि पिसाळ यांची ही गाठ प्राचीनांनी अर्थातच वेगळ्या कारणाने घातली. आधुनिक काळात मात्र तीच जोडी प्रयोगशाळेच्या टेबलावर पुन्हा एकत्र आली.

या रोगाचा विषाणू लाळेतून जखमेत शिरतो, तेथून मज्जातंतूंच्या टोकांत प्रवेश करतो आणि मज्जातंतूंच्या वाटेनेच मेंदूकडे सरकतो. मेंदूत त्याची वाढ झाली की तो पुन्हा मज्जातंतूंतून बाहेर येतो आणि लाळग्रंथीत पोचतो. पुढच्या दंशाची तयारी अशी पूर्ण होते. विषाणू वाटेवर आहे तोवर लसीला त्याला अडविण्याची संधी असते. लक्षणे एकदा दिसू लागली की वाचण्याची आशा जवळजवळ संपते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे या रोगाने मरतात, आणि त्यांतील बहुतेकांना तो कुत्र्यापासून होतो.

कुत्र्याबरोबरच वटवाघूळही हा रोग देते, हे दक्षिण अमेरिकेत रक्त पिणाऱ्या वटवाघळांवरून पूर्वीच कळले होते. परंतु केवळ किडे खाऊन जगणाऱ्या लहान वटवाघळाकडे कोणी संशयाने पाहत नसे. १९५३ साली अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात एका लहान मुलाला अशा वटवाघळाने चावा घेतला आणि तपासणीत ते रेबीजग्रस्त ठरले. मुलाला वेळीच लस मिळाली. या घटनेनंतर मात्र शास्त्रज्ञांपुढे एक कोडे उभे राहिले. ज्याचा दात सुईच्या टोकाएवढा, ज्याचा चावा कित्येकदा झोपेतल्या माणसाला जाणवतही नाही, त्या प्राण्याच्या लाळेचा एवढासा अंश माणसाचा प्राण कसा घेतो?

या कोड्याचे उत्तर शोधण्यासाठी उंदराला पुढे करण्यात आले. संशयित प्राण्याच्या मेंदूचा अंश उंदराच्या मेंदूत टोचायचा आणि वाट पाहायची, ही पद्धत १९३० नंतरच्या दशकातच रूढ झाली होती. काही दिवसांनी उंदराचे केस विस्कटतात, पाठीला कुबड येते, अंग थरथरते, मागचे पाय लुळे पडतात आणि तो मरतो. विषाणू थेट मेंदूत घातला तर बहुतेक उंदीर दगावतात. तोच विषाणू स्नायूत किंवा कातडीखाली टोचला तर परिणाम वाणावाणाप्रमाणे बदलतो, आणि काही वाणांनी थोडेच उंदीर मरतात. या फरकामुळे विषाणू कोणत्या दाराने शिरतो, हे शोधण्याची वाट सापडली.

अमेरिकेतील चंदेरी केसांच्या एका कीटकभक्षी वटवाघळाच्या विषाणूचा अभ्यास विशेष बारकाईने झाला. कुत्र्याच्या जातीतील कोयोट या जनावराच्या विषाणूशी त्याची तुलना केली, तेव्हा मज्जापेशींत दोघे सारखेच वाढतात असे आढळले. पण कातडीतील पेशींत, आणि तेही शरीराच्या आतील उष्णतेपेक्षा थोड्या कमी, ३४ अंशांच्या उष्णतेत, वटवाघळाचा विषाणू अधिक चांगला वाढला. कातडीचा वरचा थर शरीराच्या गाभ्यापेक्षा थंडच असतो. म्हणजे उथळ ओरखडाही या विषाणूला पुरेसा ठरू शकतो. उंदरांवरील पुढील प्रयोगांतून आणखी एक गोष्ट कळली. या विषाणूने ग्रासलेल्या उंदराच्या रक्तात प्रतिकारशक्ती जागी होते, तरी तिला मेंदूत प्रवेश मिळत नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामधील निसर्गाची भिंत बंदच राहते, आणि रक्षक बाहेर असताना आतले घर जळते. सौम्य केलेल्या विषाणूंच्या बाबतीत ती भिंत उघडते आणि उंदीर वाचतो.

हे ज्ञान केवळ ग्रंथात राहणारे नव्हे. २००४ साली अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना एक वटवाघूळ आत शिरले. एका मुलीने ते उचलून बाहेर सोडले, तेव्हा ते तिच्या बोटाला चावले. जखम किरकोळ म्हणून तिला लस दिली गेली नाही, आणि सुमारे महिन्याने तिला रेबीज झाला. वैद्यांनी तिला औषधांनी दीर्घ बेशुद्धीत ठेवले आणि ती लसीविना वाचली. ही घटना वैद्यकाच्या इतिहासात अपूर्व मानली गेली. तो उपाय इतर रोग्यांवर मात्र भरवशाचा ठरला नाही. प्रार्थनेच्या जागी, दयेच्या भावनेने केलेल्या कृतीतून हा प्रसंग ओढवला, ही गोष्ट देवळात नित्य जाणाऱ्या वाचकांनी ध्यानात ठेवावी.

आपल्या देशात हा रोग मुख्यतः कुत्र्याचाच आहे. तथापि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नागालँडमधील काही वटवाघळांच्या रक्तात या विषाणूकुळाविरुद्धची प्रतिद्रव्ये आढळली. २०२१ साली पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने महाबळेश्वरच्या गुहेतील वटवाघळांत निपाह या दुसऱ्या विषाणूच्या खुणा सापडल्याचे जाहीर केले. आम्ही हे हातोदहून लिहीत आहोत. इंदूर जिल्ह्यातील हे गाव माळव्याच्या काळ्या मातीत वसलेले आहे. आजूबाजूच्या शेतांत गहू आणि सोयाबीन पिकतो, आणि दिवेलागणीला शेतावरच्या किड्यांमागे लहान वटवाघळे भिरभिरू लागतात. जुन्या देवळाचे शिखर, गाभाऱ्याच्या छताची फट, पडक्या वाड्याची ओसरी ही त्यांची घरे. होळकरांच्या काळापासून माळव्यात नांदणाऱ्या मराठी कुटुंबांना आणि गोव्याच्या देवळांशी नाते राखणाऱ्या आमच्या वाचकांना हा शेजार सारखाच परिचित आहे. वटवाघळाला रेबीज असू शकतो, हे ज्ञान आपल्या हाती आले आहे आणि ते उंदराच्या प्राणाने आले आहे. आता त्या ज्ञानाचे मोल कसे ठरवावे?

एक पक्ष म्हणेल की, अहिंसा हा परम धर्म असेल तर असे ज्ञान विषवत् मानून टाकून द्यावे. या पक्षाबद्दल आम्हाला आदर आहे, परंतु तो अखेरपर्यंत टिकत नाही. देवळाच्या पायरीवर खेळणाऱ्या मुलाला पिसाळलेला कुत्रा चावला, तर लस न घेता त्याला घरी ठेवणारा बाप अहिंसक ठरत नाही. त्याने एक जीव घेणे टाळले असे समजावे, तर दुसरा जीव त्याने डोळ्यांदेखत जाऊ दिला. न करणे हीही कृती आहे आणि तिचेही फळ भोगावे लागते. शिवाय ती लस घडविताना झालेली हिंसा होऊन गेलेली आहे, आणि लस नाकारून एकही उंदीर परत येत नाही.

दुसरा पक्ष याच्या अगदी उलट म्हणतो. मनुष्य श्रेष्ठ आहे, इतर प्राणी त्याच्यासाठीच आहेत, मग उंदरांचा हिशेब कशाला ठेवावा? हा पक्ष व्यवहारात फार बलवान आहे, पण त्याच्या युक्तिवादात एक भेग आहे. उंदीर आपल्याहून सर्वस्वी भिन्न असता, तर त्याच्या मेंदूवरून आपल्या मेंदूविषयी काही कळले नसते. तो आपल्यासारखा आहे, त्याच्या मज्जातंतूंतून विषाणू आपल्याप्रमाणेच चालतो, म्हणून तर प्रयोगाला अर्थ आहे. मग विषाणू पसरण्यापुरता तो आपल्यासारखा आणि वेदना होण्यापुरता मात्र दगडासारखा, असे मानण्यास आधार कोणता? प्रयोग जितका उपयुक्त, तितका तो नीतीच्या दृष्टीने जड, ही गोष्ट टाळता येत नाही.

या दोन टोकांमध्ये आपल्या परंपरेने एक तिसरा विचार फार पूर्वी सांगून ठेवला आहे. आपण रोज तो ओलांडून जातो. धर्मशास्त्राने गृहस्थाच्या घरात पाच सूना, म्हणजे पाच वधस्थाने सांगितली आहेत : चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा कुंभ. या पाच जागी नकळत असंख्य जीव मरतात. पण शास्त्राने चूल विझवावयास सांगितले नाही, आणि मुंगी ती काय, तिचे कसले पाप, असेही म्हटले नाही. येथे हिंसा होते हे मान्य करा, आणि तिच्या निष्कृतीसाठी रोज पंचमहायज्ञ करा, असे सांगितले. त्यांतच भूतयज्ञ येतो. काकबळी आणि गोग्रास यांचा आशय हाच, की ज्या प्राणिसृष्टीचे आपण घेतो तिला काही परत द्यावे.

प्रयोगशाळा ही आपल्या काळाची सहावी सूना आहे, असे आम्हाला वाटते. मात्र एक भेद विसरता कामा नये. चुलीतील हिंसा नकळत घडते, प्रयोगशाळेतील हिंसा योजून केली जाते. म्हणून तिची जबाबदारी अधिक कडक असली पाहिजे. पंचसूनेच्या विचारात एक धोकाही आहे. रोज चार घास बाहेर ठेवले की मन हलके होते, आणि हलक्या मनाने उद्याची हिंसा अधिक सहज होते. निष्कृती म्हणजे दंड भरून मिळविलेला परवाना, असे झाले तर तो धर्म उरत नाही. तेव्हा या सहाव्या सूनेची निष्कृती ज्याने हिंसा प्रत्यक्ष कमी होईल अशीच असली पाहिजे.

इतिहास पाहिला तर अशी घट होऊ शकते याला पुरावा आहे. ६ जुलै १८८५ रोजी पाश्चरने जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पहिली लस टोचली, ती रेबीजने मेलेल्या सशांच्या वाळविलेल्या मज्जारज्जूपासून केली होती. १९११ साली कसौली येथे डेव्हिड सेंपल यांनी मेंढीच्या मेंदूपासून लस सिद्ध केली. पोटात घ्यावयाच्या त्या चौदा सुया आपल्या आजोबांच्या पिढीला चांगल्या ठाऊक होत्या. त्या लसीतील मेंदूच्या अंशामुळे काही रोग्यांना लकवा होई. तो दोष टाळण्यासाठी १९५५ साली चिलीमध्ये नुकत्याच जन्मलेल्या उंदरांच्या मेंदूची लस निघाली, कारण त्या कोवळ्या मेंदूत अपायकारक द्रव्य तयार झालेले नसते. दूध पिणाऱ्या पिल्लांचा असा उपयोग ऐकून मन कचरते. पुढे मात्र काचपात्रात वाढविलेल्या पेशींवर लस तयार होऊ लागली आणि लसीसाठी जनावरांचे मेंदू काढण्याची गरज संपली. निदानातही तसेच झाले. १९५८ साली चकाकणाऱ्या प्रतिद्रव्यांची चाचणी निघाली, आणि जे सांगायला उंदराला मरावे लागे ते सूक्ष्मदर्शकाखाली काही तासांत कळू लागले. आता जागतिक आरोग्य संघटनाच उंदरांवरील निदानाऐवजी पेशींवरील चाचणी वापरावी असे सांगते.

यावरून आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा बोध असा की, अपरिहार्य हा शब्द कायमचा नसतो, त्याला मुदत असते. १९३५ साली जे अपरिहार्य होते ते आज आळस ठरू शकते. आपल्या देशाचे उदाहरण डोळ्यांत अंजन घालणारे आहे. पेशींवरील निर्धोक लस १९७० नंतरच्या दशकात जगात उपलब्ध झाली. मेंदूपासून केलेली लस सोडून द्यावी अशी शिफारस १९८० नंतरच्या दशकात झाली. तरी भारतात मेंढीच्या मेंदूची लस २००४ च्या अखेरीपर्यंत चालू राहिली, कारण ती स्वस्त होती. त्या वर्षांत मेंढ्या मेल्या आणि लकव्याची जोखीम गरिबाने उचलली, कारण पैसेवाला महाग लस विकत घेत होता. प्राण्याविषयीची बेपर्वाई आणि गरिबाविषयीची बेपर्वाई एकाच मातीत उगवते, हे येथे स्पष्ट दिसते.

कायद्यानेही काही वाट आखून दिली आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत नेटाने पुढे रेटलेल्या विषयाला १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याचे रूप आले. त्या कायद्याने प्राण्यांवरील प्रयोग बंद केले नाहीत, पण त्यांवर देखरेख बसविली. त्याच सुमारास, १९५९ साली, रसेल आणि बर्च या इंग्रज शास्त्रज्ञांनी तीन नियम मांडले : शक्य तेथे प्राण्याऐवजी दुसरे साधन वापरावे, प्राण्यांची संख्या कमी करावी, आणि वेदना कमी करावी. भूतयज्ञाचा हाच आशय आजच्या भाषेत आला आहे, असे म्हणण्यास हरकत नाही. आजही अनेक ठिकाणी लसीचा गुण तपासण्यासाठी उंदरांना टोचतात, आणि त्यालाही पर्याय पुढे येत आहेत. ते पर्याय लवकर स्वीकारले जावेत, असा आग्रह धरण्याचा अधिकार लस घेणाऱ्या प्रत्येकाला आहे.

सामान्य गृहस्थाच्या हाती काय आहे, असे कोणी विचारील. त्याच्या हाती पुष्कळ आहे. गोव्यात कुत्र्यांना वर्षानुवर्षे नेमाने लस टोचण्यात आली. त्यामुळे माणसांचे रेबीजने होणारे मृत्यू थांबले, आणि २०२१ साली ते राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. जेथे कुत्रा पिसाळत नाही तेथे मूल मरत नाही, भीतीने कुत्र्याला दगड घातले जात नाहीत, आणि औषधासाठी नव्या जनावरांची गरजही घटते. आमच्या इंदूर जिल्ह्यात महू येथे पशुवैद्यक महाविद्यालय आहे. देवळाच्या उत्सवमंडळाने वर्षातून एक दिवस आवारातील कुत्र्यांच्या लसीकरणासाठी राखून ठेवला, तर तो खरा भूतयज्ञ होईल. नैवेद्याचा एक घास कुत्र्याला घालणे सोपे आहे. त्याच्या मानेला धरून लस टोचविणे कष्टाचे आहे, आणि म्हणूनच ते निष्कृतीच्या अधिक जवळ जाते.

वटवाघळाबाबत तर आपली कसोटीच आहे. उंदराने प्राण देऊन दिलेल्या ज्ञानाचा उपयोग करून आपण गाभाऱ्यातील वटवाघळांना धूर देऊन जाळू लागलो, तर एका हिंसेचे पीक म्हणून दुसरी हिंसा काढली असे होईल. बहुसंख्य वटवाघळे निरोगी असतात आणि रात्रभर आपल्याच शेतावरचे किडे खातात. त्यांना हुसकण्याचे कारण नाही, आणि त्यांना हात लावण्याचेही कारण नाही. दिवसा जमिनीवर पडलेले, उडता न येणारे वटवाघूळ मुलांनी उचलू नये, मोठ्यांनीही उघड्या हाताने उचलू नये. त्याचा चावा वा ओरखडा लागलाच तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी, तिखट, चुना वा हळद भरू नये, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. वटवाघळाचा प्रत्यक्ष संपर्क जागतिक आरोग्य संघटनेने सर्वांत गंभीर वर्गात घातला आहे. जखम दिसत नाही म्हणून थांबू नये. ती किती उथळ असू शकते, हे शिकविण्यासाठीच प्रयोगशाळेतले ते उंदीर मेले.

मिळालेले ज्ञान न वापरणे, हा त्या जिवांचा दुसऱ्यांदा केलेला वध होय. दारात लस उपलब्ध असताना जे मूल पोरवयात या रोगाने जाते, त्याच्या मृत्यूत आपल्या निष्काळजीपणाचा वाटा असतो, आणि त्यापूर्वी मेलेल्या प्रत्येक प्राण्याचे मरणही आपण व्यर्थ घालवलेले असते. ऋण फिटत नसेल तरी ते मान्य करावे, वाढू देऊ नये आणि जे घेतले त्याचा पूर्ण उपयोग करावा, एवढे गृहस्थधर्माला निश्चित साधण्यासारखे आहे. त्याची सुरुवात आपल्या देवळाच्या आवारापासून व्हावी, अशी आमची वाचकांना विनंती आहे.